खपली गव्हाला तांबेरा खरंच लागत नाही का? आणि आमच्या भाताला करपा का लागला?

आगरवाट (दापोली):
नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमची थोडी खाचरं आहेत. खरिपात भात, वरकस जमिनीवर नाचणी. गहू आमच्याकडे पिकत नाही, तो दुकानातूनच येतो. वडिलांना साखर निघाल्यापासून घरात खपली आणतो. परवा चिपळूणच्या बाजारात खपली विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "हा देशी गहू. ह्याला तांबेरा लागतच नाही. संकरित गहू माणसाने बिघडवला, म्हणून त्याला रोग."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, कारण यंदा आमच्या भातावर करपा आला. आधी पानांवर दोन्ही टोकांना निमुळते ठिपके, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. मग लोंबी निसवली आणि मानेशीच काळी पडून लटकली. हातात घेऊन चोळली तर नुसती फोलपटं. बांधापलीकडे काकांचं वेगळं वाण आहे, ते जवळजवळ स्वच्छ राहिलं. पाऊस तोच, हवा तीच, पाणीसुद्धा त्यांच्याच खाचरातून आमच्याकडे उतरतं. आणि आमचं हेच वाण काही वर्षांपूर्वी असंच स्वच्छ असायचं.

तर दोन प्रश्न आहेत. एक, रोगाला तोंड देण्याची ताकद बियाण्यात येते कुठून? दुसरा, असलेली ताकद जाते कुठे? शेतीशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर जरा सविस्तर सांगा. खपलीचंही सांगा, महिन्याला चांगले पैसे मोजतो आम्ही त्याला.

खाडीकाठ (राजापूर):
माझं माहेर सांगलीकडचं, खपली लहानपणापासून पाहिलीय. तांबेरा कमी येतो हे खरं. येतच नाही असं आमच्याकडचा शेतकरी म्हणणार नाही. शेजारच्या साध्या गव्हावर मात्र इतका यायचा की शेतातून चालत आलं की साडीचा काठ तांबूस व्हायचा. पानावरून बोट फिरवलं की विटकरीची भुकटी लागावी तसं बोट रंगायचं.

सह्यकडा:
आगरवाटदादा, प्रश्न चांगला विचारलात. माझं शिक्षण वनस्पतीरोगशास्त्राचं आणि नोकरी गव्हाच्या पैदाशीत झाली, त्यामुळे आधी गव्हाचं सांगतो. भाताचं त्याला जोडूनच येईल.

प्रतिकारशक्ती ही बियाण्यातली आनुवंशिक गोष्ट आहे, रंग-उंचीसारखीच आईबापाकडून येते, हे गव्हावरच पहिल्यांदा दाखवलं गेलं. केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी 1905 मध्ये पिवळ्या तांबेऱ्याला (तांबेरा हा बुरशीचा रोग, त्याचे काळा, तपकिरी आणि पिवळा असे तीन प्रकार) बळी पडणारा आणि न पडणारा अशा गव्हांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी रोपं रोगट निघाली. दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक रोप निरोगी. म्हणजे मेंडेलचा नियम, आणि त्या गव्हात प्रतिकार अप्रभावी होता, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा. तोवर रोग हा नुसता हवामानाचा नाहीतर नशिबाचा खेळ मानला जायचा.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटात फ्लोर नावाचे शास्त्रज्ञ जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करत होते. 1940 च्या दशकात त्यांनी एकाच वेळी जवसाचाही संकर केला आणि बुरशीचाही. निघालं असं की जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीतही एक जनुक आहे. दोन्ही जुळले तरच रोप रोगाला अडवतं. राखणीचा कुत्रा एकाच चोराचा वास ओळखतो असं समजा. तो चोर आला की गाव जागा होतो, दुसरा आला की कुत्रा झोपलेलाच.

आता आपल्याला आतलं यंत्रही कळलंय. बुरशी पानात शिरताना रोपाची संरक्षणयंत्रणा दाबायला काही प्रथिनं आत सोडते. रोपातल्या प्रतिकारक जनुकापासून बनलेलं प्रथिन त्यातलं एखादं ओळखतं, आणि ओळखलं की त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते, तिला मेलेल्या पेशीत काही मिळत नाही. प्रतिकारक गव्हाच्या पानावर तुम्हाला बारीक पिवळसर डाग दिसतील पण भुकटी नसेल, ते ह्यामुळे.

म्हणून माझं म्हणणं असं की "ह्या वाणाला रोग लागत नाही" हे वाक्य अर्धंच आहे. बुरशीच्या कोणत्या वंशापुढे (म्हणजे एकाच बुरशीच्या कोणत्या पोटप्रकारापुढे) लागत नाही, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. विक्रेत्याने अर्धं सांगितलं.

आता खपली. तिची कीर्ती खोटी नाही, उलट जगाने मान्य केलेली आहे. 1922 मध्ये मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. बुरशीचा नमुना त्या बारा जणांवर टाकायचा, कोण आजारी पडतं आणि कोण नाही ह्यावरून वंश ठरवायचा. त्या बारांत एक नाव होतं "खपली". आपल्या दख्खनचा गहू ह्याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला, कारण बहुतेक वंश त्याच्यापुढे हात टेकायचे. पुढे एसआर-13 आणि एसआर-14 ही प्रतिकारक जनुकं खपलीतून पुढे आली. (एसआर म्हणजे खोडावरचा, काळा तांबेरा. पानावरच्या तपकिरी तांबेऱ्याच्या जनुकांना एलआर म्हणतात, पिवळ्याच्या वायआर.) मात्र एसआर-13 ला चुकवणारा वंश इथिओपियात सापडलेला आहे. म्हणजे अभेद्य तीही नाही.

आणि साधा गहू "संकरित" नसतो हो. लोक-1, त्र्यंबक, तपोवन ही सरळ वाणं आहेत, घरचं बियाणं राखून पुन्हा पेरता येतं.

वरकस:
काका, खपलीत इतकी चांगली जनुकं आहेत तर ती सगळ्या गव्हात का नाही घालत?

सह्यकडा:
घालतात, पण अवघड जातं. खपलीत गुणसूत्रं 28, चपातीच्या गव्हात 42. खपलीत ए आणि बी असे दोन पूर्वजांचे संच आहेत, चपातीच्या गव्हात तिसरा डी संच. संकर होतो पण संतती बरीचशी वांझ निघते. मग चपातीच्या गव्हाशी पुन्हापुन्हा संकर करत जायचं आणि दर पिढीत हवं ते जनुक हातातून सुटलं नाही ना ते पाहायचं. पूर्वी त्यासाठी प्रत्येक पिढीवर मुद्दाम रोग पाडून रोपं निवडत. आता पानाच्या तुकड्यातला डीएनए तपासून जनुक आहे की नाही ते कोवळ्या रोपातच कळतं. ह्यात बाहेरून काही घुसडलेलं नसतं, संकर नेहमीचाच, फक्त निवड नेमकी.

पोलादपूरकर:
वाचतोय, छान चाललंय. आम्ही आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो तेव्हा तिथे गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र असल्याची पाटी दिसते. लहानपणापासून कोडं आहे. महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी होते, गहू कोण पिकवतं? इतक्या पावसात गव्हाचं केंद्र कशाला?

सह्यकडा:
वा, हे विचारलंत ते बरं केलंत. ते केंद्र तिथे आहे ते गहू पिकवायला नाही, तांबेरा पिकवायला!

तांबेऱ्याची भुकटी म्हणजे बीजाणू. मे महिन्याच्या मैदानी उन्हात ते तग धरत नाहीत. मग दरवर्षी हिवाळ्यात रोग येतो कुठून? युरोप-अमेरिकेत बार्बेरी नावाचं झुडूप काळ्या तांबेऱ्याला आसरा देतं. आपल्याकडेही तसंच असेल अशी समजूत होती. आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की भारतात बार्बेरीचा त्यात हात नाही. हिमालय आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीचे डोंगर, तिथल्या थंड हवेत गव्हावर रोग वर्षभर जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर खाली उतरतो. दक्षिणेतून मध्य भारतापर्यंत काळा तांबेरा पोचवण्यात नोव्हेंबरातली बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही हातभार लावतात. बीजाणू हजारो फूट वर जातात आणि पावसाबरोबर दूरच्या शेतात पडतात.

महाबळेश्वरची हवा थंड आणि दमट, तांबेऱ्याच्या सोयीची. नवीन वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी त्याला रोगाच्या तोंडी देऊन पाहायचं, त्यासाठी ती जागा उत्तम. सगळ्या देशातल्या वंशांची नोंद शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात ठेवली जाते, आणि निलगिरीत वेलिंग्टनला तेच काम दक्षिणेच्या तोंडाशी चालतं.

आगरवाट:
फार माहिती मिळाली काका, आभार. दुसरा प्रश्न राहिला. असलेली ताकद जाते कुठे?

सह्यकडा:
वाणातून ती कुठे जात नाही. जनुक जागच्या जागीच असतं, बदलते ती बुरशी.

गव्हातलं सगळ्यांत मोठं उदाहरण एसआर-31. हे जनुक मुळात गव्हाचं नाहीच, राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आला, त्यावरचं आहे. त्या एका तुकड्यावर काळा, तपकिरी आणि पिवळा अशा तिन्ही तांबेऱ्यांना अडवणारी जनुकं होती. पैदासकारांना आणखी काय हवं? जगभरच्या गव्हांत तो तुकडा गेला. पंजाब-हरियाणात 1995 नंतर पीबीडब्ल्यू-343 शेतोशेती पसरला, त्यातही तो होता. मग 1998 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नमुना सापडला, तो एसआर-31 असलेल्या गव्हावर मजेत वाढत होता. 1999 मध्ये त्याला यूजी-99 नाव मिळालं. 2005 मध्ये हरितक्रांतीचे गहूशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी नव्वदी गाठलेली असताना जगाला खडसावलं की झोपू नका. 2007 मध्ये तो इराणपर्यंत पोचल्याची नोंद झाली. इकडे पीबीडब्ल्यू-343 ला वेगळ्याच बाजूने, पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशाने गाठलं.

का होतं असं? एका पानावरच्या एका पुळीतून हजारो बीजाणू निघतात. त्यांतल्या एखाद्यात नेमकं ते ओळखलं जाणारं प्रथिन बदललेलं किंवा गळालेलं असतं. दहा वाणं दहा तऱ्हेची असतील तर त्या एकाला फारसा वाव नसतो. लाखो हेक्टरांवर एकच जनुक असेल तर बाकीचे सगळे उपाशी मरतात आणि तो एकटा सगळं रान खातो. तुमच्या भातावरही बहुधा असंच झालं असावं. वाण तेच आहे, करप्याचा वंश बदलला.

खाडीकाठ:
मग ह्याला शेवट नाही का? दर काही वर्षांनी नवं वाण, पुन्हा नवा रोग?

सह्यकडा:
ताई, अशीही जनुकं आहेत जी टिकतात. माझ्या सगळ्या नोकरीत मला ज्याचं सर्वांत अप्रूप वाटलं ते एलआर-34. हे कुणाला ओळखत नाही. वंश कोणताही असो, तपकिरी, पिवळा आणि काळा तांबेरा आणि भुरीसुद्धा (पानावर पांढरी भुकटी आणणारा रोग), सगळ्यांची वाढ मंदावतं. रोग येतो, पण उशिरा आणि कमी. पुळ्या लहान राहतात. लहान रोपात त्याचा उपयोग नाही, मोठ्या झाडात दिसतो. शेतात ओळखायची खूण म्हणजे वरच्या पानाचं टोक वाळल्यासारखं होतं. शंभर वर्षांच्या आसपास वापरात आहे आणि अजून मोडलेलं नाही.

2009 मध्ये ते जनुक वेगळं काढलं तेव्हा कळलं की ते पेशीतल्या पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. प्रतिकारक आणि रोगट प्रकारांत अमिनो आम्लांचा फरक फक्त दोन ठिकाणी! एलआर-67 हे तशाच जातीचं, ते साखरेच्या वाहतुकीशी जोडलेलं आहे.

अडचण एवढीच की शेतकऱ्याला आणि कधीकधी निवड समितीलाही शेत लख्ख हवं असतं. एलआर-34 एकटं असेल तर थोडा तांबेरा दिसतोच, आणि थोडा रोग दिसला की वाण नापास. मी हे फार वेळा पाहिलं आणि दरवेळी जीव तुटला. अशी दोन-चार मंद जनुकं एकत्र आली की शेत जवळजवळ स्वच्छ राहतं, आणि बुरशीला एका बदलात सुटता येत नाही. तीव्र जनुकंही (एसआर-31 सारखी, बुरशी ओळखून अडवणारी) एकेकटी न देता गठ्ठ्याने द्यावीत. 2021 मध्ये पाच जनुकं एकाच जागी एकत्र बसवून, वेगळी होऊच नयेत अशी केलेला गहू काळ्या तांबेऱ्यापुढे शेतात उभा राहिल्याचं प्रसिद्ध झालं. तो मात्र जनुकांतरित आहे, म्हणजे जनुकं प्रयोगशाळेत बाहेरून घातलेला.

मृगधारा (कुडाळ):
मी भाताकडे येते. आमच्याकडे वालय, बेळा ही भाताची जुनी देशी वाणं अजून थोडे लोक लावतात. भाताचंही असंच जनुकांचं गणित आहे का?

बांधावरून (कर्जत):
मृगधाराताई, मी भातावर काम करतो, हे मी सांगतो.

भाताचा करपा आणि नाचणीवरचा करपा ह्या बुरशी एकाच जातीच्या, फक्त घराणी वेगळी. नाचणीवरची सहसा भातावर जम बसवत नाही आणि भातावरची नाचणीवर नाही. आगरवाटदादा, तुमच्या वरकसावरची नाचणी ह्या बाबतीत गुन्हेगार नाही.

गव्हाशी नातं असं की ह्याच जातीच्या आणखी एका घराण्याने 1985 मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात गव्हावर उडी मारली. तोवर गव्हाला करपा हा रोगच नव्हता. गव्हात एक जनुक असतं, आरडब्ल्यूटी-3, जे गवतावरच्या ह्या बुरशीला ओळखून बाहेर ठेवायचं. ब्राझीलमध्ये ते जनुक नसलेलं एक वाण फार मोठ्या क्षेत्रावर लावलं गेलं, तिथे बुरशीला दार उघडं मिळालं, आणि तिथे रुळल्यावर तिने स्वतःतला ओळखीचा खुणेचा भागच टाकून दिला. मग ते जनुक असलेला गहूही सुरक्षित राहिला नाही. 2016 मध्ये हा रोग बांगलादेशात आला आणि सुमारे 15,000 हेक्टर गहू सापडला. त्याच्याविरुद्ध आज मुख्य आधार आहे तो एका रानटी नातलगाकडून आलेल्या 2एनएस नावाच्या गुणसूत्र-तुकड्याचा. म्हणजे पुन्हा एकाच खांबावर घर.

भाताच्याच दुसऱ्या एका रोगात, कडा करप्यात, तर आणखी गंमत आहे. तो जिवाणूचा रोग. एक्सए-21 हे जनुक आफ्रिकेतल्या रानभातातून आलं, 1995 मध्ये वेगळं काढलं गेलं. दुसरं एक्सए-13, हे अप्रभावी आहे. जिवाणू भाताचंच साखर बाहेर सोडणारं जनुक चालू करून पेशीबाहेर आपली जेवणाची सोय करून घेतो. एक्सए-13 असलेल्या भातात ते चालू करायची जागाच बदललेली असते, जिवाणूला बटण सापडत नाही. हैदराबादला एक्सए-21, एक्सए-13 आणि एक्सए-5 अशी तिन्ही सांबा मसुरीत आणून सुधारित सांबा मसुरी 2008 मध्ये दिली गेली. चव आणि दाणा तोच.

मृगधारा:
मग देशी वाणं निरोगी म्हणायची की नाही? आमची आजी म्हणायची वालयाला कधी औषध लागलं नाही.

सह्यकडा:
आजीचं निरीक्षण खरं असणार, फक्त त्यामागची कारणं दोन-तीन आहेत. आजीच्या काळी युरियाचा मारा नव्हता आणि नत्र जास्त झालं की करपा भडकतो. गावात दहा वाणं असायची. आणि एका खाचरातलं देशी बियाणंही आतून एकसारखं नसायचं, थोडं थोडं वेगळं असायचं. म्हणून रोग शिरला तरी सगळ्यांना एकदम गाठत नसे. "देशी म्हणून रोग नाही" असं मी म्हणणार नाही. जुन्या वाणांना तुडुंब रोग लागलेले दुष्काळासारखे हंगाम इतिहासात आहेत. पण वालय, बेळा, पटणी जपा असं मी हात जोडून सांगेन, कारण उद्या लागणारं जनुक कुणात आहे हे आज दिसत नाही. एक्सए-21 रानभातात निघालं, एसआर-13 खपलीत निघालं. बियाणं गेलं की ते जनुक कायमचं गेलं.

बांधावरून:
+1. चीनच्या युनान प्रांतात 1998-99 मध्ये मोठा प्रयोग झाला होता. करप्याला बळी पडणारं चिकट तांदळाचं वाण आणि प्रतिकारक संकरित वाण एकाच शेतात लावलं, संकरित वाणाच्या काही ओळींमागे चिकट वाणाची एक ओळ. चिकट भातावरचा करपा एकट्याने लावलेल्या भाताच्या तुलनेत 94 टक्क्यांनी घटला. औषध नाही, नवं जनुक नाही, फक्त मांडणी बदलली.

आगरवाट:
हे आमच्याकडे जमेल असं वाटतं, काकांचं वाण आणि आमचं सारख्याच दिवसांचं आहे, कापणी एकदम करता येईल. मग पुढच्या वर्षासाठी करपा आलेल्या खाचरातलं बियाणं ठेवावं का? आणि पेंढा गोठ्याच्या माळ्यावर चढवलाय, तो चालेल?

बांधावरून:
मानमोडी (करप्याने लोंबीची मान काळी पडून लटकणं) झालेल्या खाचरातलं बियाणं ठेवू नका. करपा बियाण्यातूनही येतो आणि रोगट पेंढ्यातूनही. पेंढा गुरांना घाला, हरकत नाही, पण पाऊस लागायच्या आत संपवा, आणि त्याचा चुरा रोपवाटिकेजवळ किंवा तरव्यावर टाकू नका. काकांकडून बियाणं घेतलंत तरी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात घाला. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, ढवळून भात सोडायचं, तरंगेल ते काढून टाकायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. युरिया एकदम न देता हप्त्याने द्या, आणि ढगाळ, रिपरिपीच्या दिवसांत तर हात आवराच.

खाडीकाठ:
आणि खपली खात राहा दादा, खीर फार सुंदर होते. रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवायची, गूळ शेवटी घालायचा, नाहीतर दाणा शिजत नाही. वडिलांना मात्र बिनगुळाची.